मद्रासच्या वेशीवरचे पाटसकर

चेन्नई : बेळगावचा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात पाटसकर सूत्राचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. विधिमंडळातील ठरावांपासून सर्वोच्च न्यायालयातील कैफियतीपर्यंत हे नाव इतके रुळले आहे की, त्या सूत्राच्या मागे एक हाडामांसाचा माणूस होता आणि त्याने ते बेळगावात नव्हे तर मद्रासच्या वेशीवर वापरून दाखविले होते, याचे जवळजवळ विस्मरण झाले आहे. हरि विनायक पाटसकर यांच्या निधनाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. या काळात सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी घटनादुरुस्त्या झाल्या, पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. परंतु कोणते गाव कोणत्या कारभाराखाली असावे हे कशाच्या आधारे ठरवायचे, हा पाटसकरांपुढचा प्रश्न तेथेच राहिला. त्यामुळे त्यांच्या आयुष्याकडे पाहायचे तर पुण्याच्या किंवा जळगावच्या बाजूने पाहण्यापेक्षा चेन्नईच्या बाजूने पाहणे अधिक फलदायी ठरते.

पाटसकरांचा जन्म १५ मे १८९२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूरचा. वकिलीसाठी त्यांनी निवडले ते पूर्व खानदेशातील चाळीसगाव. मोफसलातील वकिलाचे निम्मे आयुष्य शेताच्या बांधावरून होणाऱ्या भांडणात जाते, हे त्या पिढीतील कोणीही सांगितले असते. बांध कोणी कोरला, पाट कोणत्या बाजूने वळला, शीव नेमकी कोठून जाते, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती मोजणीच्या नकाशात आणि गावातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात शोधावी लागतात. काँग्रेसचे कार्यकर्ते, मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य, पुढे घटना समितीचे सदस्य आणि १९५२ मध्ये जळगावमधून लोकसभेवर गेलेले खासदार, अशी त्यांची चढण शांतपणे झाली. त्यांच्या नावावर गाजलेली भाषणे नाहीत. कामे मात्र आहेत.

त्यांतले सर्वांत अवघड काम हिंदू कायद्याचे होते. डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये ज्या विधेयकाच्या कोंडीमुळे मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याचे पुढे तुकडे करण्यात आले. त्यांतील १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा लोकसभेत कलमागून कलम लढवीत मंजूर करून घेण्याची जबाबदारी विधी खात्याचे मंत्री म्हणून पाटसकरांवर आली. एकाच वेळी संतप्त आणि विद्वान अशा विरोधकांसमोर तासन् तास न चिडता उभे राहण्याची त्यांची हातोटी तेथे दिसली. मद्रासच्या वेशीवर त्यांना हीच हातोटी उपयोगी पडली.

हा वाद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुन्या मद्रास प्रांतात तमिळ आणि तेलुगू भाषक एका छत्राखाली नांदत होते. स्वतंत्र आंध्रची मागणी जुनीच. परंतु ती अडली होती मद्रास शहराच्या प्रश्नावर. नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ मध्ये आंध्रवाद्यांना मद्रास शहरावरील हक्क सोडण्यास सांगितले. ते सर्वांना मान्य होणे शक्यच नव्हते. पोट्टी श्रीरामुलु यांनी १९ ऑक्टोबर १९५२ रोजी मद्रास शहराच्याच मैलापूर भागातील एका घरात उपोषण आरंभले आणि १५ डिसेंबरला त्यांनी तेथे देह ठेवला. त्यानंतर जो वणवा पेटला त्यात केंद्र सरकारचा निर्धार वितळला आणि आंध्र राज्याची घोषणा झाली. नव्या राज्याची राजधानी काही काळ तरी मद्रासमध्ये असावी, अशी सूचना पुढे आली, तेव्हा या शहरात दुसरी ठिणगी पडली.

त्या वेळी मद्रास महापालिकेने जी भूमिका बजावली ती आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. १६८८ मध्ये स्थापन झालेली ही देशातील सर्वांत जुनी महापालिका. महापौर टी. चेंगलवरायन यांच्या कारकिर्दीत तिने मद्रासमध्ये आंध्रची राजधानी नको, असा ठराव केला. तमिळ अरसु कळगमचे नेते म. पो. शिवज्ञानम, जे तमिळ मुलखात म. पो. सि. म्हणून ओळखले जात, ते रस्त्यावर होते. मुख्यमंत्री राजगोपालाचारी सचिवालयातून तेच सांगत होते. अखेर मार्च १९५३ मध्ये नेहरूंनी संसदेत जाहीर केले की आंध्रची राजधानी आंध्रच्याच भूमीवर असेल, आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्नूलला नव्या राज्याचा कारभार सुरू झाला. एका स्थानिक स्वराज्य संस्थेने राज्याच्या हद्दीविषयी ठराव करावा आणि तो राजद्रोह न मानता लोकमताचा पुरावा मानला जावा, हे तेव्हा घडू शकले.

शहर वाचले, गावे मात्र गेली. चित्तूर हा जिल्हा ब्रिटिशांनी १९११ मध्ये उत्तर अर्काट आणि कडप्पा यांचे भाग जोडून बनविला होता. १९५३ मध्ये तो जसाच्या तसा आंध्रला देण्यात आला, कारण वाटपाचे माप जिल्ह्याचे होते. त्या जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला तिरुत्तणी हा तालुका. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक तेथील डोंगरावर आहे आणि आसपासची बहुसंख्य गावे तमिळ. म. पो. सि. यांनी तेथे आंदोलन उभे केले, तुरुंगवास भोगला. त्यांचा दावा तिरुपतीपर्यंत जात होता. उलट दिशेने, मद्रास राज्याच्या चिंगलपेट जिल्ह्यातील सत्यवेडूकडची तेलुगू गावे आपली म्हणून आंध्र मागत होता. दोन्ही बाजूंच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि दोन्ही तक्रारींचे कारण एकच होते. माणसे गावात राहतात, पण वाटणी जिल्ह्याने झाली होती.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये सामान्यतः जिल्हा हाच घटक धरला. १९५६ च्या कायद्याने बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवला आणि उरलेला जिल्हा म्हैसूरला दिला. पाटसकर त्या सरकारात मंत्री होते. म्हणजे ज्या मापाने बेळगावची वाटणी झाली ते माप त्यांच्या सरकारचेच होते. यात विरोधाभास पाहायचा तर पाहता येईल. मात्र एवढे नोंदवावे लागेल की मद्रास व आंध्र यांच्या वादात मध्यस्थ म्हणून १९५७ मध्ये त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी ते माप बाजूला ठेवले.

पाटसकरांच्या पद्धतीत चमत्कार काहीच नव्हता. गाव हा घटक. गावांची भौगोलिक सलगता. आणि गावातील बहुसंख्यांची भाषा, तीही १९५१ च्या शिरगणतीनुसार. एवढ्या तीन गोष्टींवर नकाशा तपासायचा. पण सूत्रापेक्षा क्रमाला महत्त्व होते. आधी दोन्ही पक्षांनी कसोट्या मान्य करायच्या, मग त्या कसोट्यांनी कोणते गाव कोणाकडे जाईल ते पाहायचे. आपल्याकडे याच्या नेमके उलटे होते. आधी कोणते गाव हवे ते ठरते, मग त्यासाठी तत्त्व शोधले जाते. एका गावासाठी भाषा, दुसऱ्यासाठी इतिहास, तिसऱ्यासाठी बाजारपेठ. कामराज आणि संजीव रेड्डी या दोन मुख्यमंत्र्यांना याचे श्रेय दिले पाहिजे. दोघेही काँग्रेसचे, आपापल्या राज्यात बळकट आणि दिल्लीत वजन असलेले. त्यांना हरण्याची भीती नव्हती, म्हणून थोडे गमावण्याची तयारी होती.

या मध्यस्थीवर आधारलेला कायदा संसदेने १९५९ मध्ये केला आणि तो १ एप्रिल १९६० रोजी अमलात आला. तिरुत्तणी तालुक्याचा बहुतांश भाग आणि पळ्ळिपट्टूचा परिसर, मिळून तीनशेहून अधिक गावे, मद्रास राज्यात आली. चिंगलपेट जिल्ह्यातील पोन्नेरी व तिरुवळ्ळूर तालुक्यांतील आणि थोडी सेलम जिल्ह्यातील अशी सुमारे दीडशे गावे आंध्रकडे गेली. मद्रास विधानसभेची सदस्यसंख्या एकाने वाढून २०६ झाली. तिरुपतीची आशा म. पो. सि. यांना सोडावी लागली. विधेयक संसदेपुढे आले तेव्हा राज्यसभेचे सभापती सर्वपल्ली राधाकृष्णन होते. त्यांचे जन्मगाव तिरुत्तणी आणि घरची भाषा तेलुगू. एका गावात दोन भाषा नांदतात तेव्हा कोणतीही रेषा पूर्ण न्याय करू शकत नाही, याचा याहून ठळक दाखला शोधूनही मिळणार नाही. तरीही रेषा ओढली गेली आणि ती टिकली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्माला आले, ते बेळगावच्या वादाचा वारसा घेऊनच.

या यशाला मर्यादा होत्या. भाषेच्या मोजमापात पाणी बसत नाही. आरणियार नदी आज आंध्रातील पिच्चाटूरच्या धरणातून तमिळनाडूत उतरते आणि चेन्नईच्या उत्तरेला समुद्राला मिळते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की सावधगिरीचा इशारा दुसऱ्या राज्यातील गावांना द्यावा लागतो. उद्योगही त्या मापात बसत नाही. १९६० मध्ये आंध्रकडे गेलेल्या सत्यवेडूच्या परिसरात २००८ पासून श्री सिटी ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. चेन्नईपासून ती सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. बंदर, विमानतळ आणि बाजारपेठ चेन्नईची. जमीन व सवलती आंध्रच्या. कामराजांच्या काळात त्या ओसाड रानाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. आज तीच गावे द्यायची असती, तर चेन्नईतील कोणत्याही मुख्यमंत्र्याने इतक्या सहज मान डोलावली असती असे वाटत नाही.

मद्रासचे काम चालू असतानाच, जून १९५७ मध्ये, पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत भोपाळला राहिले. १९६३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. राज्यपालपदाची ही वर्षे भरावाने सांगण्यासारखी नाहीत. मात्र राजभवनातून बाहेर पडताच १९६५ मध्ये आसामच्या डोंगरी जिल्ह्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. येथे प्रश्न रेषेचा नव्हता, अधिकारांचा होता. खासी, जैंतिया व गारो डोंगरांतील नेत्यांना स्वतंत्र राज्य हवे होते. नेहरूंनी आपल्या हयातीत आसाममध्येच राहून व्यापक स्वायत्तता, असा मार्ग सुचविला होता. पाटसकरांनी १९६६ च्या अहवालात त्याच मार्गाची आखणी केली. डोंगरी नेत्यांनी ती झिडकारली. पुढे १९७० मध्ये मेघालय आसामच्या अंतर्गत स्वायत्त राज्य बनले आणि १९७२ मध्ये पूर्ण राज्य. मद्रासच्या वेशीवर यशस्वी ठरलेला मध्यस्थ शिलाँगला अयशस्वी ठरला, याचे कारण उघड आहे. तेथे दोन्ही पक्षांना मान्य असलेली कसोटीच नव्हती.

बेळगावचेही तेच. मुंबई राज्याने जून १९५७ मध्ये केंद्राला निवेदन दिले ते गाव हा घटक धरून. महाराष्ट्राने पाटसकरांच्या कसोट्यांना लोकेच्छेची जोड दिली आणि हा दावा आजवर त्याच पायावर उभा आहे. म्हैसूरने तो पाया कधीच मान्य केला नाही. १९६० मध्ये नेमलेली चौघांची समिती निष्फळ ठरली. १९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग आला. १९६७ च्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राचा आक्षेप असा की, महाजनांनी सर्वत्र एक माप लावले नाही. कर्नाटकाचे म्हणणे असे की, आयोग महाराष्ट्रानेच मागितला होता, तेव्हा त्याचा निवाडा अंतिम मानावा. हे दुसरे म्हणणे अगदीच पोकळ नाही, हे आपल्याकडे क्वचितच कबूल केले जाते. मात्र कसोट्या न ठरविता निवाडा मान्य करण्याची हमी घेणे म्हणजे मापाविना धान्य घेण्यासारखे आहे. मद्रास आणि आंध्र यांनी ती चूक केली नाही. महाराष्ट्राचा २००४ चा दावा अद्याप सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.

बेळगाव महापालिकेने २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली. १९५३ ची मद्रास महापालिका येथे आठवते. अर्थात दोन्ही घटनांत फरक आहे. मद्रास महापालिकेचा ठराव तिच्या राज्य सरकारच्या इच्छेविरुद्ध नव्हता, बेळगावचा होता. तरीही दोन्हींच्या मधल्या काळात, १९९२ मध्ये, घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली होती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दर्जा आणि वजन यांतला फरक कळतो. २०२१ च्या निवडणुकीत त्याच बेळगावात ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. लोकेच्छा ही कसोटी एकदा मान्य केली की तिचे बदलणेही मान्य करावे लागते.

पाटसकर १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्या पदावर असतानाच २१ फेब्रुवारी १९७० रोजी निवर्तले. घटना समितीत ग्रामपंचायतींचे कलम ज्यांनी मांडले ते के. संतानम मद्रासचे; खेड्याला राज्यघटनेचा घटक मानण्यास ज्यांचा कडवा विरोध होता ते आंबेडकर. त्या सभागृहात बसलेल्या पाटसकरांनी पुढे खेड्याला ना आदर्श मानले ना डबके. मोजण्याजोगा सर्वांत लहान तुकडा एवढाच त्याचा मान ठेवला. राज्यांच्या सीमांसाठी हा मान एकदाच, मद्रासजवळ, पूर्णपणे दिला गेला. शहरांच्या सीमांसाठी तो कधीच दिला गेलेला नाही.

घटनेच्या २४३-क्यू या कलमात कोणता प्रदेश नागरी समजावा याच्या कसोट्या आहेत. लोकसंख्या, तिची घनता, मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व. त्यांत रहिवाशांच्या मताचा उल्लेख नाही आणि अखेरचा शब्द राज्यपालांच्या, म्हणजे प्रत्यक्षात राज्य सरकारच्या, अधिसूचनेचा. चेन्नई महापालिकेची हद्द २०११ मध्ये १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली. नऊ नगरपालिका, आठ नगर पंचायती आणि पंचवीस ग्रामपंचायती तीत विरघळल्या. त्यांत आलंदूर होते. तेथील नागरिकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस भुयारी गटार योजनेसाठी घरटी ठेव भरून एक नवा पायंडा पाडला होता आणि देशभरचे अधिकारी ती योजना पाहायला येत. ती नगरपालिका आता चेन्नईचा एक विभाग आहे. वॉर्ड दोनशे झाले. पण २०१६ मध्ये मुदत संपल्यावर न्यायालयीन वाद आणि प्रभागरचना यांत निवडणूक अडकली आणि चेन्नईला नवे नगरसेवक मिळाले ते २०२२ मध्ये. दरम्यान २०१९ मध्ये राज्याने पाच नवे जिल्हे पाडले, तेव्हा प्रभागांची फेररचना आधी करा असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने नऊ जिल्ह्यांतील ग्रामीण निवडणुका थांबविल्या. त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये झाल्या.

महाराष्ट्राने यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. पाटसकर जेथे कुलगुरू होते त्या पुण्याच्या महापालिकेत २०१७ मध्ये घेतलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०२४ मध्ये पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्यात आली. शहराचा कचरा डेपो तेथेच आहे. कल्याण-डोंबिवलीतील सत्तावीस गावांचे आत-बाहेर तर तीन दशकांहून जुने.

जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने अनेक ग्रामपंचायती जवळच्या नगरपालिका व महापालिकांत विलीन करण्याचे प्रस्ताव जाहीर केले. ठिकठिकाणचे ग्रामस्थ जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर गेले. घरपट्टी वाढेल, पाणीपट्टी वाढेल आणि रोजगार हमीचे काम बंद होईल, ही त्यांची तक्रार होती. शंभर दिवसांच्या त्या कामावर प्रामुख्याने गावातील वयस्क बायका जात. हरकती लेखी घेण्यात आल्या. कोणत्या हरकतीला किती वजन द्यायचे, याची कसोटी त्या अधिसूचनांत नव्हती.